ठेवा हो, लेकरू टांगलंय!

"ठेवा हो, लेकरू टांगलंय इथं!"

बिरादार मॅडमच्या तोंडचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. नांदेडच्या आमच्या उपचार केंद्रात रुजू व्हायला म्हणून मी जिना चढत होते आणि वरून हा आवाज आला. आत जाऊन बघते तर खरोखरच एक लेकरू टांगलेलं होतं. छताचा पंखा काढून टाकलेला, त्याच्या हुकातून जाड पट्टे खाली सोडलेले, आणि त्या पट्ट्यांत छाती-कमरेला आवळून बांधलेली एक मुलगी ट्रेडमिलवर उभी. शेजारी बुटक्या स्टुलावर एक ठेंगणी, रुंद बांध्याची बाई बसलेली. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, एका हातात मुलीची टाच आणि मान वाकडी करून खांद्यात दाबलेला मोबाइल. फोनवर उदगीरहून त्यांचे यजमान होते. गॅसवाल्याचा नंबर कुठंय, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"नवीन का?" मॅडमनं फोन खाली ठेवत विचारलं. "काय शिकवणार?"

"बोलायला. स्पीच थेरपी."

"बरं झालं. मी चालवते, तू बोलतं कर. आता उभी कामून राहिलीस? तो दुसरा पाय धर."

माझी पर्स अजून खांद्यालाच होती. तशीच खाली बसले आणि पाय धरला. माझं नाव त्यांनी पुढं केव्हातरी विचारलं असेल, पण हाक शेवटपर्यंत 'बोलकी' अशीच मारली.

आमच्याकडं येणाऱ्या बहुतेक लेकरांना सेरेब्रल पाल्सी असायची. जन्माच्या सुमाराला मेंदूला इजा झालेली. "जन्मल्यावर रडलंच न्हाई बघा," असं त्यांच्या आया सांगायच्या, आणि सांगताना अजूनही कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. मेंदूचा हुकूम पायांपर्यंत नीट पोचत नाही. पाय ताठ होतात, टाचा उचलल्या जातात, गुडघे कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. यातली जी लेकरं धरून उभी राहतात, चार पावलं टाकायची धडपड करतात, त्यांच्यासाठी ती मशीन. अंगाचं थोडं वजन वरचे पट्टे घेतात, थोडं पायांवर येतं. खालचा पट्टा अगदी मुंगीच्या चालीनं सरकतो, त्याच्याबरोबर पाय मागं जातो, मग तो पुढं आणावाच लागतो. पुढं आला की शेजारी बसलेल्या माणसानं टाच हातानं टेकवायची. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. बघणाऱ्याला कंटाळा येईल असं काम. मॅडमला कधी आला नाही.

"पाय कुठं असतात?" त्या अधूनमधून ओरडायच्या.

"डोक्यात!" सगळी खोली उत्तर द्यायची. ज्यांना बोलता येत नव्हतं ती लेकरं डोक्यावर हात मारून घ्यायची.

मॅडम उदगीरच्या. घरात अर्धं मराठी, अर्धं कन्नड. त्यामुळं लेकरू मशीनवर चढलं की "नडी, नडी, नडी" असा त्यांचा ताल सुरू व्हायचा. नडी म्हणजे चल. पण हे नांदेडच्या लोकांना काय ठाऊक? किनवटकडून नातवाला घेऊन आलेल्या एका आजीनं पहिला दिवस कसाबसा सोसला. दुसऱ्या दिवशी मात्र ती पदर खोचून पुढं आली. "ओ बाई, माझा नातू काय नडला तुमाला? गपगुमान चालून राहिला की तो!" मॅडम इतक्या हसल्या, की मशीन थांबवावी लागली. पुढं तीच आजी दारातून "नडी रे माझ्या राजा" म्हणायला लागली.

एक शब्द मात्र त्या खोलीत चालत नव्हता. 'बिचारं.' जो कोणी हा शब्द उच्चारेल त्यानं पट्टे बांधून मशीनवर चढायचं, असा नियम. मामा-मावश्या, औषध कंपनीचा माणूस, मोजे विकायला आलेला फेरीवाला, सगळे चढून गेले होते. हुकाचीही भीती नव्हती. पट्टे लावले त्या दिवशी मॅडमनं आधी स्वतः लोंबकळून बघितलं होतं.

एकदा एक पुढारी वाढदिवसानिमित्त फळवाटपाला आले. बरोबर कार्यकर्ते, फोटोवाला आणि केळीचे घड. आमची निम्मी लेकरं अर्धापूरकडची, म्हणजे केळीच्या बागेतच वाढलेली. त्यांनी त्या घडांकडं अशा नजरेनं बघितलं, की मला हसू आवरेना. साहेबांनी गळा साफ केला. "ही बिचारी लेकरं..."

लेकरांनी एकमेकांकडं बघितलं. मग कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला, "चढवा!"

"साहेब, या," मॅडम हात जोडून म्हणाल्या. "आमच्याकडं पद्धत हाय."

साहेबांना वाटलं सत्कार आहे. मॅडमनं पट्टे आवळले, पायांना मागून आमच्या लाकडी फळ्या बांधल्या, म्हणजे गुडघे वाकू नयेत, आणि मशीन सुरू केली. दोन्ही बाजूंनी लेकरं "नडी! नडी!" ओरडत होती. कार्यकर्त्यांना हसावं की धावून जावं ते कळेना. साहेब खाली उतरले तेव्हा पांढरा सदरा पाठीला चिकटला होता.

"लई अवघड हाय हो हे," ते म्हणाले.

"ही रोज करतात," मॅडम म्हणाल्या. "आता बोला भाषण."

साहेबांनी भाषण केलं नाही. खाली बसून लेकरांबरोबर एक केळं खाल्लं आणि गेले. माणूस वाईट नव्हता.

मॅडमची आणखी एक खोड म्हणजे बाप पकडून आणणं. आया लेकरं घेऊन वर यायच्या आणि बाप खाली मोटारसायकलवर बसून राहायचे. नम्रताचे वडील दत्तराव त्यातलेच. अर्धापूरजवळच्या खेड्यात त्यांची केळीची बाग. मुलगी आठ वर्षांची, हुशार, तोंडाची फटकळ. पाय तेवढे ताठ. बायको मुलीला कडेवर घेऊन जिना चढायची आणि दत्तराव खाली तोंडात गुटखा धरून आभाळाकडं बघत बसायचे.

एक दिवस मॅडम खाली गेल्या, काही न बोलता गाडीची किल्ली काढली आणि कमरेला खोचून वर आल्या. मागोमाग दत्तराव.

"ओ मॅडम, किल्ली!"

"तोंड धुऊन या."

"कामून?"

"त्या स्टुलावर बसायचंय. तोंडात गुटखा असला की नम्रताला 'नडी' कसं म्हणणार?"

दत्तराव तोंड धुऊन आले. स्टुलावर बसले. शेतात राबणारे ते हात मुलीची टाच इतकी अलगद धरत होते, की नम्रताच म्हणाली, "बाबा, मी काय अंडं हाय का?" त्या दिवसापासून किल्ली मागायची वेळ आली नाही. मुलगी मशीनवर असली की डाव्या पायाशी बाप आणि उजव्या पायाशी मॅडम.

पंख्याच्या त्या हुकाची गरज संपवली ती अकबरभाईंनी. देगलूर नाक्याला त्यांचं वेल्डिंगचं दुकान. मुलगा अयान, पाच वर्षांचा. त्याची इजा फार मोठी होती. मान धरत नव्हता, बसत नव्हता, सगळं अंग कधी लाकूड तर कधी चिंधी. अकबरभाईंनी पहिल्या दिवशी छताकडं बघितलं आणि मान हलवली.

"मॅडम, इस हुक का भरोसा नै. मैं बनाके देतूं ना."

आणि खरंच देखणी चौकट बनवून आणली. चाकं लावलेली, वर कप्पी, उंची कमीजास्त करायला दांडा. लेकरांना आवडेल म्हणून तिला पिवळा रंग. मॅडम त्या चौकटीभोवती नवीन बैलजोडी आणल्यासारख्या फिरल्या.

अयानला कधी चढवायचं, असं अकबरभाईंनी तेव्हाच विचारलं होतं. "अयानला अजून नाही. आधी मान," असं मॅडम म्हणाल्या. नेहमी तोलूनमापून बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून तो 'अजून' निसटला, आणि अकबरभाईंनी तेवढाच उचलला.

मग एका शुक्रवारी ते अयानला नवा कुर्ता घालून घेऊन आले. हातात एक लहानसा पट्टा. मोटारीच्या सीटबेल्टचं कापड, आतून मऊ अस्तर, बरोब्बर अयानच्या छातीच्या मापाचा. टाके इतके सुबक, की शिंप्यानंही बघत राहावं.

"आज चढाव इसको, मॅडम."

त्या वेळी चौकटीत नम्रता चालत होती. मॅडमनं मशीन थांबवली, हात पदराला पुसले आणि तो पट्टा हातात घेतला. बराच वेळ त्यावरून बोटं फिरवत राहिल्या. मग अकबरभाईंना समोर बसवलं आणि त्यांच्या त्या उदगिरी हिंदीत सरळ सांगितलं.

"अकबरभाई, ये मशीन अयान के काम का नै. अयान नै चलेंगा."

"अभी नै चलेंगा?"

"कभी नै चलेंगा. मैं 'अजून' बोली, वो मेरी गलती हुई."

अकबरभाई उठले. त्या पिवळ्या चौकटीकडं त्यांनी एकदा बघितलं. "तो मैंने ये किसके वास्ते बनाया?"

 पट्ट्यांत अडकलेली नम्रता मान खाली घालून उभी होती. अकबरभाईंनी अयानला खांद्यावर घेतलं आणि ते जिना उतरून गेले. त्या दिवशी मॅडमचा डबा तसाच राहिला. एरवी त्या ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी उभ्याउभ्या खायच्या आणि डबा बोटानं पुसून काढायच्या.

मी म्हणाले, "दुसरं काय सांगणार होतात?"

"सांगायचं तेच होतं," त्या म्हणाल्या. "सांगून सोडून द्यायचं नसतं, बोलकी. माझं अर्धंच झालंय."

अकबरभाई पुन्हा आले नाहीत. मॅडमनं वाट बघितली आणि एका दुपारी मला म्हणाल्या, "चल." रिक्षा करायची त्यांना सवयच नव्हती. उन्हातून पार देगलूर नाक्यापर्यंत त्या चालत निघाल्या आणि मी मागं धापा टाकत. दुकानात ठिणग्या उडत होत्या. अकबरभाईंनी आम्हांला बघितलं आणि वेल्डिंग चालूच ठेवलं. मॅडम एका उपड्या डब्यावर बसल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. पण त्या पदरानं वारा घेत बसल्या. शेवटी अकबरभाईंनीच तोंडावरचा काचेचा मुखवटा वर केला.

"बोलो मॅडम."

"काम आहे. एक कुर्सी पायजे. बिना पाय की."

"बिना पाय की कुर्सी?" त्यांना वाटलं बाईंचं हिंदी पुन्हा घसरलं.

"हाव. घर में सब नीचे बैठके खाते ना, दस्तरख्वान पे? तब अयान कहाँ रहता?"

अकबरभाईंनी मुखवटा काढून बाजूला ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "पलंग पे. उसकी अम्मी बाद में खिलाती."

"उसको सबके साथ बैठना. पीठ को टेका, मान को दोनों बाजू से टेका, बीच में पट्टा, आगे छोटा पाट. वो तुमने बनाया ना पट्टा, वोच लगेंगा."

त्यांनी हातातला दांडा खाली ठेवला. खिशातून खडू काढला आणि दुकानाच्या फरशीवर रेघ मारली. "इतना ऊँचा?" मॅडम गुडघ्यांवर बसल्या आणि दुसरी रेघ मारली. "इतना." मग दोघंही त्या फरशीवर ओणवे होऊन भांडायला लागले. मान किती मागं, पाट किती पुढं. मी चहा मागवला, तो गार झाला.

ती खुर्ची झाल्यावर त्यांनी आम्हांला जेवायला बोलावलं. मॅडम लिंगायत, शाकाहारी; त्यांच्यासाठी अयानच्या अम्मीनं नव्या भांड्यात खट्टी डाळ आणि बगारा भात केला होता. दस्तरख्वानाच्या कडेला, बहिणींच्या मधोमध, अयान ताठ बसला होता. पहिल्यांदाच त्याला सगळ्यांचे चेहरे समोरून दिसत होते. एरवी बिचाऱ्यानं... नाही, हा शब्द नको. एरवी त्यानं छतच बघितलं होतं. तो एकेकाकडं डोळे फिरवत होता आणि बहिणीनं घास उचलला की हसत होता. मग त्यानं तोंड उघडलं आणि मोठ्यानं "आऽऽ" केलं. मला पण द्या, असा त्याचा अगदी स्वच्छ अर्थ.

अकबरभाईंनी मान फिरवली आणि पाण्याचा जग आणायला म्हणून आत गेले. जग समोरच होता.

"आता तुझं काम," मॅडम माझ्या कानात म्हणाल्या. "मान सरळ झाली. आता घास आणि आवाज तू बघ." आणि भाताचं ताट पुढं सरकवलं.

इकडं नम्रता मशीनवर छान चालायला लागली होती. वरच्या पट्ट्यांचा आधार मॅडमनं हळूहळू कमी केला, टाच धरायची गरजही कमी झाली. पण खाली उतरवून हातात दोन काठ्या दिल्या, की ती खांबासारखी उभी. एक पाऊल पुढं टाकेना. तिची आई रडकुंडीला आली.

"मशीनवर तर चालती की हो, मॅडम!"

"मशीनवर जमीन आपल्याकडं येते," मॅडम म्हणाल्या. "बाहेर आपल्याला जावं लागतं. ते येगळं शिकावं लागतंय. चला, बाग दाखवा तुमची."

पुढच्याच रविवारी आम्ही सगळे दत्तरावांच्या बागेत. केळीच्या दोन ओळींमधली वाट त्यांनी साफ करून ठेवली होती. पालापाचोळा मुद्दाम पसरला होता, खाली मऊ काळी माती. नम्रता काठ्या टेकून उभी राहिली आणि रडायला लागली. "मी पडणार."

"पडणारच हायस," मॅडम म्हणाल्या. "आज तेच शिकायचंय. हे बघ, पडताना काठ्या सोडायच्या, हात पुढं..."

आणि दाखवता दाखवता त्यांचा पाय ठिबकच्या नळीवर पडला. मॅडम अशा आपटल्या, की केळीवरचे बगळे उडाले. साडी, बूट, चष्मा सगळं चिखलात.  मग नम्रताला हसू फुटलं. ती हसता हसता तोल जाऊन पडली, काठ्या सुटल्या, हात आपोआप पुढं आले. चिखलात दोघी शेजारी शेजारी.

"बघ," मॅडम चष्मा शोधत म्हणाल्या, "हात पुढं आले की तुझे! आता उठ. मला उचलायला कोणी येऊ नका रे, तिला पण."

नम्रता कशी उठली ते सांगायला अवघड आहे. आधी कुशीवर वळली, मग कोपरांवर, मग केळीच्या खोडाला धरून. दत्तराव पुढं झाले तेव्हा मॅडमनं चिखलातूनच त्यांचं धोतर धरून ठेवलं होतं. तो उन्हाळाभर पोरगी त्या वाटेवर चालली आणि पडली. पडायची भीती गेली तशी पावलं पुढं पडायला लागली.

एवढ्या धडपडीला एक कारण होतं. गावातली शाळा चौथीपर्यंतच. पुढं अर्धापूरच्या शाळेत जायचं, आणि तिथले हेडमास्तर नाव घालून घ्यायला कांकू करत होते. मॅडम दत्तरावांना आणि मला घेऊन तिथं गेल्या.

"आमचा नकार नाही, मॅडम," हेडमास्तर म्हणाले. सरळ माणूस, नुसता घाबरलेला. "पण जबाबदारी कोणाची? एवढी पोरं, धक्काबुक्की. पडली तर?"

"पडली तर उठंल."

"पण पडली तर?"

"गुरुजी, तुमच्या शाळेत कधीच पडलं नाही असं एक लेकरू दाखवा. तिला घेऊ नका, मी निघते."

हेडमास्तर खिडकीतून मैदानाकडं बघत राहिले. तिथं त्याच वेळी दोन पोरं एकमेकांवर आदळून पडली होती आणि कपडे झटकत उठत होती. हेडमास्तरांना हसू आलं.

"आणि ऐका," मॅडमचा आवाज खाली आला, "ती चालते म्हणून घ्यायचं, असं नाही. न चालणारीला पण घ्यावंच लागतंय, कायदाच हाय. चालणं तिचं तिच्यासाठी. तुमच्याकडून मला पायऱ्यांशेजारी एक उतार पाहिजे, आणि पाचवीचा वर्ग खाली पाहिजे."

उतार बांधून झाला. त्याचा कठडा कोणी केला ते सांगायला नकोच. पिवळा रंग लांबूनच दिसत होता.

शाळेचा पहिला दिवस. फाटकातून वर्गापर्यंत मोठं अंगण. नम्रता नवा गणवेश, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. "दप्तर मी घेते," आई म्हणाली. "त्यात पाण्याची बाटली जड हाय." नम्रतानं मान हलवली. मॅडमनं आईला फाटकाशी धरून उभं केलं. दत्तराव गाडीजवळ, हाताची घडी घालून, तोंड घट्ट मिटून.

नम्रता निघाली. काठी, काठी, पाय, पाय. पोरं वाट सोडून बाजूला झाली आणि टक लावून बघायला लागली. अर्ध्या अंगणात, काही कारण नसताना, ती पडली. दप्तरासकट, चांगली आपटली. आईच्या तोंडून किंकाळी निघाली. ती पुढं झेपावली, पण मॅडमनं तिचा दंड सोडला नाही.

"थांब गं. थांब माय. दोनच मिनिटं."

मी मॅडमच्या शेजारी उभी होते. आवाज त्यांचा नेहमीसारखाच होता, पण दुसऱ्या हातानं त्यांनी माझं मनगट इतकं आवळलं होतं, की नंतर वळ दिसत होते. ओठ पुटपुटत होते. नामस्मरण की 'नडी', ते मला कळलं नाही.

नम्रता कुशीवर वळली. कोपरांवर आली. जवळची एक मुलगी काठी उचलून द्यायला वाकली, तिच्याकडून तिनं काठी घेतली, पण हात घेतला नाही. उभी राहिली. स्कर्टची माती झटकली. मग त्या मुलीला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. दोघींनी मिळून उतार चढला आणि त्या वर्गात दिसेनाशा झाल्या. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

"बघा की," आई रडत म्हणाली, "टाटा पण केला न्हाई!"

"मग काय," मॅडम म्हणाल्या. "शाळेत गेलेली लेकरं करतात का टाटा?" आणि माझं मनगट सोडून नाक शिंकरलं.

नम्रता काही धावायला लागली नाही. काठ्या अजून आहेत, वाढत्या वयात पायांचं एक ऑपरेशनही झालं. दुखतं तेव्हा शिव्या घालते. पण ती जाते, येते, भांडते. परवा बाजारात भेटली तेव्हा तिला माझ्याशी बोलायला वेळ नव्हता.

मॅडम मात्र नांदेडात राहिल्या नाहीत. लातूरला आमच्यासारखंच केंद्र काढायचं ठरलं आणि त्यांनी ते मागून घेतलं. उदगीर तिथून जवळ. "यजमानांना गॅस बुक करता येत न्हाई अजून," हे त्यांनी दिलेलं कारण. निरोप समारंभाला आम्ही शाल आणली, लेकरांनी गाणं बसवलं, आणि ऐन वेळी बाई गायब. शोधत गेलो तर आतल्या खोलीत नव्या फिजिओथेरपिस्टला स्टुलावर बसवून टाच कशी धरायची ते दाखवत होत्या. शाल तिथंच, मागून, त्यांच्या खांद्यावर टाकली. तीही त्यांनी लेकराच्या पाठीमागं उशी म्हणून लावली.

मागच्या हिवाळ्यात माझं लातूरला काम निघालं. औसा रोडला त्यांचं केंद्र आहे एवढं ठाऊक होतं. न कळवताच गेले. दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर एक तरुण आई झोपलेली, रात्रीच्या गाडीनं आलेली असावी. तिच्या अंगावर कोणीतरी चादर घातली होती.

आत बिरादार मॅडम चटईवर पालथ्या झोपल्या होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. त्यांच्यासमोर तसंच पालथं पडलेलं एक वर्षा-दीड वर्षाचं बाळ, नाकाला नाक भिडेल इतकं जवळ. बाळानं एक हात पुढं टाकला. मॅडमनंही टाकला. बाळ थांबलं, मॅडमही थांबल्या. मग बाळानं दुसरा हात ओढला आणि पोट जरासं सरकवलं. मॅडम तेवढ्याच मागं सरकल्या. साडीचा पदर चटईवरून फरफटत होता, चष्मा नाकाच्या टोकाला आला होता. तोंडानं त्या काही बोलत नव्हत्या. बाळाकडं बघत, श्वास टाकत, कोपरांवर जोर देत त्या रांगत होत्या; आणि ते बाळ त्यांच्या मागं येत होतं.

खोली बरीच लांब होती. ती दोघं अजून निम्म्यावरही पोचली नव्हती. मी हाक मारली नाही. चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता पायऱ्या उतरले.